नादलोकातला कोट

वडखेड्याच्या मारुतीच्या पारावर त्या गुरुवारी जी गर्दी होती, ती मी फक्त दोनदाच पाहिलेली होती. एकदा निवडणुकीत आणि एकदा पाण्याचा टँकर आला तेव्हा. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. मधे गालिचा, गालिच्यावर स्वरनाथ महाराज आणि त्यांच्या पुढ्यात लाल मखमलीखाली झाकलेल्या तीन तसबिरी.

"मनुष्य मरतो, म्हणजे काय होतं?" महाराज डोळे मिटून म्हणाले. "हाडं मातीत जातात. श्वास वाऱ्यात जातो. पण आवाज? तुमच्या बापाचा आवाज कुठे गेला? विज्ञानाला विचारा. विज्ञान चूप बैठता है. अरे, आवाज जातो नादलोकात. आणि जिथे नाद, तिथे नादाची छाया. ती छाया आम्ही कागदावर उतरवतो."

असं म्हणून त्यांनी पहिली मखमल उचलली.

खोटं कशाला बोलू, तसबीर देखणी होती. जांभळे, गुलाबी ढग. ढगांतून वर आलेली माणसाएवढी वीणा. वीणेच्या तारांवरून सोन्याचे सा, रे, ग, म तरंगत वर चाललेले. खाली कमळात ठेवलेली बाजाची पेटी. आणि मधोमध, डोक्यामागे तेजाचं वलय घेऊन, हातात टाळ धरून बसलेले लोटनचे मेलेले वडील.

लोटन म्हणजे गावच्या भजनी मंडळाचा प्रमुख, त्याच्या भाऊबंदातला कर्ता माणूस. त्याची मिशी तालुक्यात प्रसिद्ध. एक टोक वर, एक टोक खाली. तो तसबिरीपुढे आडवा झाला.

"आबा शेत मना," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे हे माझे वडीलच आहेत. "तेच तोंड शे. बठ्ठं तेच शे."

बाया डोळे पुसू लागल्या. मी मात्र पिंपळाच्या बुंध्याला टेकून महाराजांच्या त्या 'नादपेटी'कडे बघत होतो. तिच्यातूनच ही छाया उतरते, असं ते सांगत. आठ दिवस आधी नातेवाइकांनी पेटीसमोर बसून मेलेल्या माणसाचं आवडतं भजन म्हणायचं, त्याचा जुना फोटो 'नादबीज' म्हणून महाराजांच्या हवाली करायचा आणि पुढच्या गुरुवारी दर्शनाला यायचं. दक्षिणा ऐच्छिक होती. ऐच्छिक म्हणजे किती, ते पाटीवर लिहिलेलं होतं.

मी वडखेड्याचाच. नाव निंबा, लोक नाना म्हणतात. अमळनेरला स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट घडली तेव्हा त्या धंद्यात मला तीस वर्षं झाली होती. त्यामुळे नादपेटी काय आहे ते मला लांबूनच कळलं. तो जुना पेटीवाला कॅमेरा होता, आणि त्याच्या भिंगावरचं झाकण महाराजांनी अख्ख्या कार्यक्रमात एकदाही काढलं नव्हतं. झाकण न काढता फोटो घेणारा कारागीर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

दुसरी तसबीर कुणाच्या तरी आत्याची निघाली. तिसरी मखमल उचलायच्या आधी महाराजांनी गर्दीवरून नजर फिरवली.

"वच्छलाबाई कोण?"

एक म्हातारी पुढे आली. तिच्यामागे तिची सून मंदाबाई.

यांची हकीकत गावाला माहीत होती. वच्छलाबाईंचा एकुलता एक मुलगा झुलाल अमळनेरच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. चार वर्षांपूर्वी लग्नसराईत सुरतेला गेला, तिथेच कामाला राहिला म्हणून एक पत्र आलं, आणि मग काहीच आलं नाही. मंदाबाई तेव्हापासून कपाशी निंदून घर चालवत होती. पण तिची खरी ओळख वेगळी होती. तिचा गळा. श्रावणात भाऊबंदाची कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली की गाणं उचलायचं ते मंदाबाईनंच. ती पहिली ओळ म्हणायची आणि मागे पन्नास बाया. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बोरी नदीवर न्यायचा मानही तिचाच.

मखमल उचलली गेली. तेच ढग, तीच वीणा, तेच सा रे ग म. आणि मधोमध झुलाल, हातात सनई घेऊन.

"नादलोकात आहे," महाराज म्हणाले. "शांत आहे. पण अडकून आहे. कारण इथे त्याच्या नावानं अजून कुंकू लावलं जातं."

मंदाबाई तसबिरीजवळ आली. मग ती हळूच म्हणाली, "त्या पिपानी नही वाजाडेत. क्लारनेट वाजाडेत."

"नादलोकात विदेशी वाद्य चालत नाही, माई."

लोकांनी माना डोलावल्या. आता काय म्हणावं. मेल्यावरही वाद्य बदलून घ्यावं लागतं, हे त्यांना पटलं.

महाराजांनी हुकूम सोडला. तीन आठवड्यांनी कानबाई बसेल. सोमवारी विसर्जन झालं की तिथेच, नदीच्या काठी, मंदाबाईनं बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. म्हणजे झुलाल सुटेल.

याचा अर्थ तिथल्या प्रत्येक बाईला कळला. आमच्याकडे कानबाईचं गाणं उचलायचा मान सवाशिणीचा. पुढच्या वर्षापासून मंदाबाई मागच्या भिंतीला बसणार, तोंड मिटून. ही चालही मोडायला हवी, आणि तिच्याविरुद्ध मी दुसरीकडे भांडतोच आहे. पण त्या दिवशी माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीनं फिरलं होतं. मी पुढे होऊन झुलालकडे नीट पाहिलं. त्याच्या अंगात काळा कोट होता. कोटाच्या कॉलरवर डाव्या बाजूला रफू होतं, आणि मधलं बटण बाकीच्या बटणांपेक्षा मोठं होतं.

तो कोट माझा होता.

माझा म्हणजे स्टुडिओचा. ज्यांनी जुन्या काळी फोटो काढून घेतले असतील त्यांना आठवेल, आरशाशेजारी खुंटीला एक कोट टांगलेला असायचा. शेतातून आलेला माणूस सदऱ्यावर तो चढवायचा, फोटो काढायचा आणि कोट परत खुंटीला. मोठं बटण माझ्या बायकोनं लावलेलं. झुलालनं लग्नानंतर माझ्याकडे फोटो काढला तेव्हा हाच कोट घातला होता. आणि त्या फोटोतही एक गंमत आहे. मंदाबाईला त्या दिवशी ताप होता, ती आलीच नाही. मी तिचा महिन्यानं वेगळा फोटो घेतला, दोन्ही कापले, जोडले, पुन्हा फोटो घेतला. नवरा-बायको शेजारी शेजारी. असले जोडफोटो मी शेकड्यानं केलेत. मेलेल्या सासऱ्याला नातवाच्या शेजारी बसवलंय, पागोटं नसलेल्याला पागोटं घातलंय. पण मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही की सासरे स्वतः चालत आले होते.

त्याच संध्याकाळी मी वच्छलाबाईंच्या ओट्यावर गेलो.

"अक्का, झुलालच्या अंगातला कोट माझ्या दुकानातला आहे. मी दिलेल्या जोडफोटोतून त्याला कापून घेतलंय. ढगात नेऊन चिकटवलंय, बाकी काही नाही."



"चार वरीस वाट देखी, निंबाभाऊ," म्हातारी म्हणाली. "पोलीस सांगेत नही, बँडवाला सांगेत नही. ह्यानी सांगं तरी."

मंदाबाई दारात उभी होती. तिनं जास्त नेमकं विचारलं.

"नाना, कोट तुमना शे. पन तोंड त्यासनं शे. मी कसं नही म्हनू?"

मी लोटनकडे गेलो. लोटननं ही कोटाची गोष्ट महाराजांच्या कानावर घातली, आणि महाराजांनी पुढच्या गुरुवारी पारावरून उत्तर दिलं. उत्तर ऐकून मी मनातल्या मनात त्या माणसाला मुजरा केला. ते म्हणाले, "आत्मा शेवटच्या छायाचित्रातलं वस्त्र धारण करतो. अज्ञानी लोकांना हे माहीत नसतं."

म्हणजे नादलोकात निम्मं वडखेडं माझ्याच कोटात फिरत असणार. पण लोकांना ते पटलं. अशा माणसाशी वाद घालणं व्यर्थ असतं. तुम्ही पुरावा द्याल, तो पुराव्यालाच हार घालून चमत्कारात बसवील. मला असा पुरावा हवा होता की ज्याला हार घालताना त्याचाच हात अडकेल.

मी दुकान दोन दिवस बंद ठेवलं आणि डार्करूममध्ये बसलो.

माझ्याकडे सगळ्या गावाच्या निगेटिव्ह होत्या. लोटनची मिशी घेतली. कोतवाल हिलालचं नाक घेतलं. बैलानं शिंग मारल्यापासून ते डावीकडे वाकडं आहे. हनुवटी माझीच, मधे खळी असलेली. पागोटं एका बारशाच्या फोटोतलं. आणि डोळे? मारुतीच्या देवळात लावायला लोटननं माझ्याकडूनच महाराजांचा मोठा फोटो करून घेतला होता. डोळे त्यातले. उजव्या भुवईत आडवा व्रण, त्याच्याखाली जरासा ढळलेला पापणीचा कोपरा. सगळे तुकडे ब्लेडनं कापले, मागून काचकागदानं कडा घासून पातळ केल्या, चिकटवले, जोडांवर बारीक कुंचल्यानं रंग भरला आणि त्याचा पुन्हा फोटो घेतला. थोडा चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला. एक प्रतिष्ठित म्हातारा तयार झाला. मी त्याचं नाव ठेवलं उखर्डू.

फोटो घेऊन मी महाराजांकडे गेलो आणि पाया पडलो. त्यांना फार बरं वाटलं.

"माझे मेहुणे, महाराज. उखर्डू नथ्थू. चोपड्याकडचे. गेल्या पावसाळ्यात गेले."

"वाद्य?"

"सारंगी."

"भजन म्हणा."

मी नादपेटीसमोर बसून भजन म्हटलं. माझा आवाज काय आहे हे माहीत असलेले लोक तिथून उठून गेले. महाराजांनी मात्र डोळे मिटून सांगितलं की संपर्क झाला, आत्मा भेटला, स्वभावानं तापट पण मनानं चांगला होता. छाया कानबाईच्या रविवारी मिळेल, कारण दुसऱ्या दिवशीच्या झुलालच्या शांतीसाठी ते तेव्हा गावात येणारच होते.

आता दुसरं काम राहिलं होतं. तिन्ही तसबिरींत ढग आणि वीणा हुबेहूब तीच होती, असं काम संगणकावरच होतं, म्हणून मी एसटीनं धुळ्याला गेलो.

त्या वेळी धुळ्यात संगणकावर फोटोंचं काम करणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती. पहिल्या दोन ठिकाणी काही कळलं नाही. तिसरं एका गल्लीत, लाकडी जिन्यावरून वर. आत तिशीची एक बाई पडद्यासमोर बसलेली. पडद्यावर जांभळे ढग होते, वीणा होती, आणि ढगांत सारंगी घेऊन माझा उखर्डू बसला होता.

तिचं नाव सुनंदाबाई. कॅसेटची कव्हरं करण्यात तिचा हातखंडा होता. भिंतीवर सगळीकडे भजनांची, अहिराणी गाण्यांची, लग्नगीतांची कव्हरं लावलेली. कुठे डफातून उगवणारा सूर्य, कुठे पेटीच्या पट्ट्यांवरून चालणारी बाई, कुठे तंबोऱ्याच्या भोपळ्यात मावलेलं अख्खं गाव. काम सुंदर होतं. तीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत जे ब्लेडनं केलं ते ही बाई उजेडात, खुर्चीवर बसून करत होती. थोडा हेवा वाटला, कबूल करतो.

"हे कसं करता?" मी विचारलं.

"थर असतात, काका. काचेवर काच ठेवल्यासारखे. खालच्या काचेवर ढग, तिच्यावर वीणा, तिच्यावर अक्षरं, सगळ्यात वर माणूस. हवी ती काच काढायची, हवी ती ठेवायची." तिनं एक बटण दाबलं आणि वीणा गेली. दुसरं दाबलं, ढग गेले. उखर्डू एकटाच पांढऱ्या जागेत बसून राहिला.

"हे कुणासाठी करता?"

"एक गृहस्थ येतात. कॅसेट कंपनी आहे त्यांची. गायकांचे फोटो आणतात, मी कव्हर करून देते." मग ती हसली. "सगळे गायक एवढे म्हातारे कसे, एवढंच कधीकधी वाटतं."

मी तिला सगळं सांगितलं. पार, मखमल, मंदाबाई, सोमवार. सांगून झाल्यावर तिनं हात बटणांवरून काढून मांडीवर ठेवले.

"मी त्या सनईवाल्याच्या हातात सनई दिली," ती म्हणाली. "फोटोत हात रिकामे होते, म्हणून. चित्र चांगलं दिसावं म्हणून."

"तुमचा त्यात दोष नाही."

"दोषाचं सोडा. काय करू ते सांगा."

मी काय हवं ते सांगितलं. कॉलेजात भिंतीवर दाखवायला जे पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद वापरतात, त्यांच्यावर तिनं झुलालच्या चित्राचा एकेक थर वेगळा छापून दिला. निघताना मी तिला उखर्डू कुणाकुणाच्या तुकड्यांचा बनलाय ते सांगितलं. तिनं भिंग घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला.

"जोड कुठे दिसत नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

कानबाईचा रविवार आला. लोटनच्या ओसरीत चौरंगावर कानबाई बसली, घरात रोटाचा, म्हणजे भाऊबंदांनीच खायच्या नैवेद्याचा, स्वयंपाक चालला होता, भाऊबंद सुरतेपासून नाशिकपर्यंतचे आले होते. मी त्यांच्या भाऊबंदातला नाही, त्यामुळे रोट माझ्या वाट्याला येणार नव्हता. दरवर्षीसारखा फोटो काढायला म्हणून मी हजर होतो. मंदाबाई चौरंगाजवळ बसली होती, पण गात नव्हती. तिच्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या आणि ती त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. बायांनी दोनदा सांगून पाहिलं, तिनं मान हलवली. मग दुसऱ्या एकीनं गाणं उचललं आणि ते अर्ध्यावरच पडलं.

दुपारी महाराज आले. पाद्यपूजा झाली. मग त्यांनी मखमल उचलली.

"उखर्डू नथ्थू," ते म्हणाले. "भेटला. सारंगी छेडत बसला होता. म्हणाला, माझ्या बायकोला सांगा, रडू नको."

तसबीर हातोहात फिरली. लोकांनी उखर्डूला नमस्कार केले. मी पुढे गेलो.

"महाराज, एक शंका. नादलोकात जिवंत माणूस चुकून दिसतो का?"

"अशक्य. जिवंताची छाया पेटी धरतच नाही."

"एखाद्याचा थोडासा भाग? नाक वगैरे?"

काही लोक हसले. महाराज हसले नाहीत. "एक केससुद्धा नाही. जे मेलं तेच तिथे."

"लोटनभाऊ," मी म्हणालो, "तू फोटो नीट पाहिलास का? मिशी बघ."

लोटननं तसबीर डोळ्यांजवळ नेली. एक टोक वर, एक टोक खाली. त्याचा हात आपोआप स्वतःच्या ओठावर गेला.

"मिशी..." तो म्हणाला. "मिशी मन्ही शे."

मी पिशवीतून त्याचा मूळ फोटो काढून शेजारी धरला. मग कोतवालाला हाक मारली. हिलालनं तसबिरीतलं नाक पाहिलं, स्वतःचं चाचपलं, पुन्हा पाहिलं.

"नाक मनं शे, नाना. मंग हाई मरेल शे का? सकायमा तर भाकर खादी ना मी."

आता ओसरी हसायला लागली. मी माझ्या हनुवटीची खळी दाखवली. लहान पोरांनाही ती दिसली. हशा थोडा ओसरल्यावर मी म्हणालो, "उखर्डू नावाचा मेहुणा मला नाही. तो मेला नाही, कारण तो जन्मलाच नाही. त्याला मी ब्लेडनं जन्माला घातलं. आता राहिले डोळे. डोळे कुणाचे आहेत ते तुम्हीच ओळखा."

मी तसबीर महाराजांच्या तोंडाशेजारी धरली. उजव्या भुवईतला आडवा व्रण. ढळलेली पापणी. शंभर माणसं एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे. जो माणूस मेलेल्यांना ढगांतून ओळखून आणायचा, त्याला स्वतःचे डोळे ओळखता आले नव्हते.

"परीक्षा पाहणाऱ्याला नाद शाप देतो," महाराज म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"बसा, महाराज," लोटन म्हणाला. आवाज हळू होता, पण मिशीची दोन्ही टोकं थरथरत होती. "मना आबासना फोटोबी तुमीच देयेल शे. बसा."

मग मी ते प्लॅस्टिकचे कागद काढले. चार होते. ते एकावर एक ठेवून मी ओसरीच्या दारातल्या उजेडाकडे धरले. ढग, वीणा, सोन्याचे सूर, आणि मधे झुलाल. अगदी तसबिरीसारखं चित्र. बाया पुढे सरकल्या.

"मंदाबाई, इकडे ये. यातला एकेक कागद तूच काढ."

ती उठली. तिनं पहिला कागद धरून ओढला. ढग गेले. दुसरा ओढला, वीणा गेली. तिसरा ओढला तेव्हा सूर गेले, वलय गेलं आणि हातातली सनईही गेली. शेवटच्या कागदावर झुलाल उरला. लग्नानंतरचा, माझ्या रफू केलेल्या कोटातला, रिकाम्या हातांचा. जसा तो त्या दिवशी माझ्या स्टुडिओत उभा होता, तसाच.

"हा तेवढा खरा," मी म्हणालो. "बाकीचं धुळ्याला छापलंय."

मंदाबाईनं तो कागद छातीशी धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसू येत होतं की रडू, ते मला कळलं नाही, आणि मी कळून घ्यायच्या भानगडीत पडलो नाही.

तेवढ्यात वच्छलाबाई कोपऱ्यातून उठून आली. तिनं महाराजांकडे पाहिलंही नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"मंग मना झुलाल कोठे शे?"

हा प्रश्न मला तीन आठवडे टोचत होता. मला ठाऊक होतं की भोंदू पकडला की मोठी मर्दुमकी झाली असं मला वाटेल, आणि म्हातारीपाशी मात्र काहीच शिल्लक राहणार नाही. महाराजांनी तिला खोटं का होईना उत्तर दिलं होतं. मी तेही काढून घेत होतो.

"माहीत नाही, अक्का," मी म्हणालो. "जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. ह्यालाही माहीत नाही. फरक एवढाच, की मी तसं सांगतो."

मग सुनेच्या हातातला कागद तिनं आपल्या हातात घेतला, पदरानं पुसला, कानबाईच्या चौरंगाला टेकवून ठेवला आणि मंदाबाईला म्हणाली, "बस. गानं म्हन. कव्हयपासून वाट देखी राह्यनात लोके."

मंदाबाई बसली. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. मागे पन्नास बाया. दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई तिच्याच डोक्यावर होती, बांगड्या मनगटावर होत्या, आणि नदीकाठी फुटला तो फक्त नारळ.

महाराजांचं काय झालं म्हणाल, तर लोटननं स्वतः त्यांना जीपमध्ये घालून पोलिसांकडे नेलं. दोन-तीन दिवसांनी ते सुटले. आता दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात पाण्यावर दिवे लावतात असं ऐकतो. अशा लोकांना कामाची कमतरता कधी पडत नाही, कारण आपणच त्यांना कामाला ठेवतो.

पुढच्या महिन्यात मंदाबाई, लोटन आणि मी धुळ्याला सुनंदाबाईकडे गेलो. तिनं झुलालचा चेहरा कोटातून सोडवला आणि साध्या पांढऱ्या सदऱ्यावर बसवला, कारण सुरतेत त्याला कोटात कुणी पाहिलेलंच नसणार. खाली नाव, गाव, उंची, क्लॅरिनेट वाजवतो, कळवण्याचा पत्ता. तोच संगणक, तेच थर, तीच बाई. यंत्राला जात नसते, ते ज्याच्या हाती जाईल त्याचं ऐकतं. तिनं कामाचे पैसे घेतले नाहीत. ती पत्रकं घेऊन मंदाबाई आणि लोटन सुरतेला जाऊन आले, बँडवाल्यांच्या गल्ल्यांतून, कारखान्यांच्या दारांतून फिरून आले. हे लिहीपर्यंत शोध लागलेला नाही. ते अजूनही जात असतात.

लोक मला विचारतात, मग मिळवलंत काय? मी सांगतो, मंदाबाईचा गळा मिळवला, आणि शोध चालू राहिला. चित्र कितीही सुंदर असलं, तरी विचारायचं, हे कुणी केलं, कशापासून केलं आणि याच्या जोरावर तो मला काय करायला लावतो आहे. एवढे तीन प्रश्न विचारायला शाळा लागत नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' म्हणायला लाजू नका. शोधायला तोच माणूस निघतो. ज्याला ढगांतलं सगळं दिसतं, तो घरात बसून दुसऱ्याच्या बांगड्या फोडायला सांगतो.

तो काळा कोट अजून माझ्या स्टुडिओत खुंटीला आहे. हल्ली कोणी घालत नाही. त्याच्याखाली मी एक पाटी लावली आहे: 'हा कोट नादलोकात जाऊन आला आहे. तिथे बटण बदलून मिळालं नाही.' गिऱ्हाईक विचारतं, ही काय भानगड? मग मी त्याला स्टुलावर बसवतो, दिवा लावतो, आणि फोटो काढायच्या आधी ही गोष्ट सांगतो.